पेंग्विनला साल्मोनेला कुणी दिला?

गेल्या पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलवर टायफॉइडची साथ आली होती. फर्स्ट इयरच्या मित्रांना ते माहीत नसेल, पण बाकीच्यांना चांगलंच आठवत असेल. पंधरा दिवसांत सात जण आडवे झाले. आमच्या विंगमधले दोघे थेट घरी गेले, ते सबमिशनच्या वेळीच परतले. अशा वेळी हॉस्टेलवर जे होतं तेच झालं. संशयाची सुई आधी गेटबाहेरच्या भुर्जीच्या गाडीकडे वळली, मग उसाच्या रसाकडे, आणि शेवटी मेसवर येऊन थांबली. मेसमध्ये एक वाढपी होता, नुकताच कामाला लागलेला. त्याला मध्यंतरी ताप येऊन गेला होता असं कुणीतरी म्हणालं. झालं! ‘सदर इसमास त्वरित कामावरून कमी करण्यात यावे’ असा अर्ज तयार झाला, त्यावर साठ-सत्तर सह्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा वळकटी बांधून चालता झाला. त्या सह्यांत माझीही एक होती.

आता म्हणाल, शीर्षकात पेंग्विन आणि मजकुरात मेस, हा काय प्रकार? तर त्याचं असं आहे की त्याच सेमिस्टरला मला सेमिनारसाठी विषय मिळाला, ‘अतिथंड प्रदेशातील सांडपाणी प्रक्रिया’. मी सिव्हिलचा. विषय घेताना मनात हिशोब सरळ होता. बर्फात कसले आलेत जंतू? दहा स्लाइड, चार फोटो, दोन ग्राफ, विषय संपला. गाइड सरांना तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, “अरे, तुम्हाला थंड म्हटलं की स्वच्छच वाटतं. फ्रिजमधली भाजी काय खराब होत नाही का? आधी तिथल्या पक्ष्यांच्या पोटात काय सापडतंय ते बघून ये, मग प्लँटचं डिझाइन सांग.”

बघायला गेलो आणि तिथेच अडकलो. सेमिनार झाला, मार्क मिळाले, तरी विषय डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक सांगतो. थंड म्हणजे स्वच्छ ही माझी समजूत अगदीच अडाणीपणाची नव्हती. एके काळी शास्त्रज्ञांचीही तीच होती, आणि त्यामागे पुरावा होता. लेव्हिन नावाच्या स्वीडिश जिवाणूतज्ज्ञाने उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनला जाऊन तिथल्या प्राण्यांची आतडी तपासली. त्याचे निष्कर्ष १८९९ साली छापून आले. बहुतेक प्राण्यांच्या आतड्यांत त्याला जिवाणू सापडलेच नाहीत! आपल्या पोटात जिवाणूंची अख्खी वसाहत असते आणि तिच्याशिवाय पचन नीट चालत नाही हे आज शाळेतलं पोरही सांगेल. मग या प्राण्यांचं पोट रिकामं कसं?

याचं एक झकास उत्तर साठ वर्षांनी आलं. सीबर्थ नावाचा अमेरिकन संशोधक अंटार्क्टिकात पेंग्विनच्या आतड्यांचा अभ्यास करत होता. त्यालाही जिवाणू फार कमी मिळाले. मग तो पेंग्विनच्या खाण्याच्या मागे लागला. पेंग्विन खातो क्रिल, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा बारका जीव. क्रिल खातो समुद्रातलं शेवाळ. त्यातलं फिओसिस्टिस नावाचं एक शेवाळ अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड तयार करतं, आणि अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड जिवाणूंना मारतं. १९६० साली त्याने हे प्रसिद्ध केलं. केमिकलवाल्यांना हे अ‍ॅसिड रंगाच्या कारखान्यातलं म्हणून ठाऊक असेल. इथे ते शेवाळातून क्रिलमध्ये आणि क्रिलमधून पेंग्विनच्या पोटात पोचत होतं. म्हणजे पेंग्विन रोज जेवणातूनच अँटिबायोटिकचा डोस घेत होता.

अर्थात ही गोष्ट इथेच संपत नाही. त्या काळी जिवाणू ‘आहे’ हे कळायचा मार्ग एकच होता, तो बशीत वाढला पाहिजे. जो बशीत वाढत नाही तो हिशोबात नाही. आता डीएनए वाचून तपासणी करता येते, आणि तशी केल्यावर पेंग्विनच्या आतड्यातही जिवाणूंची भरगच्च वस्ती दिसते. तेव्हा ‘निर्जंतुक ध्रुव’ ही कल्पना निकालात निघाली. पण ते जिवाणू त्यांचे घरचे, पिढ्यानपिढ्यांचे. प्रश्न आहे तो पाहुण्यांचा, म्हणजे रोगजंतूंचा.

१९७३ साली रॉस बेटावरच्या अ‍ॅडेली पेंग्विनमध्ये आणि स्कुआ पक्ष्यांमध्ये साल्मोनेला सापडल्याचं प्रसिद्ध झालं. स्कुआ म्हणजे तिकडचा कावळा म्हणा ना. पिलं पळवतो, अंडी फोडतो, मेलेलं खातो आणि माणसाचा उकिरडाही सोडत नाही. साल्मोनेला हे टायफॉइडच्या जंतूचं आडनाव. इथे एक घोळ टाळला पाहिजे, माझा स्वतःचा तो झाला होता. टायफॉइडचा जंतू हा साल्मोनेला कुळातला एक विशिष्ट प्रकार, आणि तो फक्त माणसातच राहतो. पेंग्विनला टायफॉइड होत नाही. पण याच कुळात जुलाब-उलट्या घडवणारे शेकडो भाऊबंद आहेत. ते कोंबडी, डुक्कर, गाय, कासव, माणूस कुणाच्याही आतड्यात राहतात. पेंग्विनमध्ये सापडतात ते हे भाऊबंद.

दक्षिण अटलांटिकमध्ये साउथ जॉर्जिया नावाचा बेटांचा समूह आहे. त्याच्या पश्चिम टोकाला बर्ड आयलंड हे छोटंसं बेट. नावाप्रमाणेच पक्ष्यांचं. अल्बाट्रॉस, जेंटू पेंग्विन, मॅकरोनी पेंग्विन, शिवाय फर सील. या सील्सना एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी मारून मारून जवळजवळ संपवलं होतं. नंतर ते इतके वाढले की उन्हाळ्यात किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा सापडत नाही. बेटावर ब्रिटिशांचं एक छोटं संशोधन केंद्र आहे, माणसं अगदी मोजकी. इथल्या जेंटू पेंग्विनमध्ये नव्वदच्या दशकात ‘साल्मोनेला एंटरिटिडिस’ सापडला, आणि तोही ‘फाज टाइप ४’ या उपप्रकाराचा. हा उपप्रकार ऐकून तिकडचे डॉक्टर का दचकले असतील? कारण ऐंशीच्या दशकापासून युरोपभर अंडी आणि कोंबडीतून लोकांना जुलाब लावणारा तो हाच. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये यावर एक छोटं टिपण आलं. त्याच्या मथळ्यातच प्रश्न विचारला होता, आणि तो मला फार आवडला. हा रोग प्राण्याकडून माणसाला आलाय की माणसाकडून पेंग्विनला गेलाय?

मग पद्धतशीर मोजणी झाली. १९९६ आणि १९९८ या दोन उन्हाळ्यांत (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपली थंडी) बर्ड आयलंडवर पेंग्विन, अल्बाट्रॉस आणि सील यांच्या विष्ठेचे नमुने घेतले. ९६ साली जेंटू पेंग्विनपैकी ७ टक्के आणि फर सीलपैकी ४ टक्के नमुन्यांत साल्मोनेला निघाला. ९८ साली फर सीलमधला आकडा २२ टक्क्यांवर गेला.

आता यातला पोलिसी तपासाचा भाग बघा. जंतूंचा डीएनए एका विशिष्ट एन्झाइमने कापतात, त्याचे लांब-लांब तुकडे होतात. ते जेलमध्ये ठेवून करंट सोडतात. छोटे तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात आणि पट्ट्यांची एक नक्षी तयार होते. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी लक्ष द्यावं, मोठे तुकडे वेगळे व्हावेत म्हणून यात फील्डची दिशा ठरावीक सेकंदांनी बदलत ठेवतात. ही नक्षी म्हणजे त्या जंतूच्या बोटांचे ठसे. बर्ड आयलंडच्या जंतूंचे ठसे लावून पाहिले, तर एका प्रकारातले जवळजवळ सगळे ठसे तंतोतंत सारखे! वर्ष वेगळं, प्राणी वेगळा, ठसा तोच. अपवाद फक्त एका नमुन्याचा.

हे ऐकल्यावर मी उडीच मारली. “सर, सापडलं! खूप वर्षं तिथे राहिले असते तर त्यांच्यात फरक पडत गेले असते. सगळे सारखे, म्हणजे सगळे एकाच ठिकाणाहून नुकतेच आलेले. म्हणजे माणसानेच आणले.”

सर म्हणाले, “पुढचं वाक्य वाच.”

पुढच्या वाक्यात संशोधकांनी लिहिलं होतं की याचे दोन अर्थ निघतात. एक, जंतू तिथे नुकताच आला. दुसरा, तो तिथल्या वातावरणात इतका मुरला आहे की तेवढा एकच वाण टिकून राहिला. पुरावा एक, अर्थ दोन! शिवाय त्या जंतूंमध्ये औषधांना दाद न देण्याचा गुण म्हणावा तसा दिसला नव्हता. दवाखान्यातून किंवा पोल्ट्रीतून ताजा आलेला जंतू बऱ्याचदा तो गुण घेऊनच येतो.

आणि समजा नुकताच आला असला, तरी आणणारा माणूसच कशावरून? याच बेटावर तीन मॅकरोनी पेंग्विनमध्ये ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ सापडला. जुलाबाचाच, साल्मोनेलाइतकाच कुप्रसिद्ध जंतू. १४० अल्बाट्रॉस, १०० पेंग्विन आणि २०६ सील तपासले, त्यात फक्त हे तीन. त्यांचे ठसे उत्तर गोलार्धातल्या जंतूंशी खूप जुळत होते. पण उत्तर गोलार्धातून दक्षिणेला जहाजंच येतात असं थोडंच आहे? आर्क्टिक टर्न हा पक्षी दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे आणि परत असा प्रवास करतो. स्कुआंची एक जात दक्षिणेतली थंडी टाळायला थेट उत्तर गोलार्ध गाठते. पासपोर्ट नाही, क्वारंटाइन नाही, मेडिकल नाही.

पक्षी असं करू शकतात याला एक भक्कम पुरावा आहे, आणि तो मिळाला गोचिडांमध्ये. समुद्रपक्ष्यांच्या घरट्यात राहणारी ‘इक्सोडिस युरिई’ नावाची गोचीड दोन्ही ध्रुवांकडच्या थंड बेटांवर आढळते. वर्षातले थोडेच दिवस ती पक्ष्याचं रक्त पिते, बाकी काळ जमिनीत पडून असते. तिच्या पोटात लाइम रोगाचा जंतू असतो. १९९५ साली उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या गोचिडांतल्या जंतूंचं एक जनुक ताडून पाहिलं, तर ते अक्षरही न बदलता सारखं निघालं. मधे अख्खं विषुववृत्त! इतकं अंतर तो जंतू पक्ष्याबरोबरच आला असणार, कारण त्या निर्जन बेटांवरच्या घरट्यांत दुसरं कोण जातंय?

म्हणजे आरोपी दोन झाले. माणूस आणि पक्षी. दोघांकडेही संधी आहे, दोघेही घटनास्थळी हजर.

पुढे २०१९ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण महासागरातल्या वेगवेगळ्या ठिकाणचे, २४ जातींचे ६६६ पक्षी त्यांनी तपासले होते. त्यात कॅम्पिलोबॅक्टरचे असे वाण सापडले, जे माणसात आणि पाळीव प्राण्यांत नेहमी आढळतात. आणि त्यातल्या काहींवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नव्हतं. सिप्रो! आपल्या हॉस्टेलवर जुलाब लागले की पोरं डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून आणून खातात तेच. अंटार्क्टिकातल्या पक्ष्याला सिप्रो कुणी लिहून दिलं नव्हतं. म्हणजे तो जंतू औषधाची ओळख कुठेतरी माणसांच्या किंवा कोंबड्यांच्या जगात करून घेऊन मग तिकडे गेला. इथे मात्र मूळ माणसाकडे बोट दाखवायला जागा आहे. तरीही नेऊन पोचवणारा पक्षीच असू शकतो. चिली-अर्जेंटिनाच्या उकिरड्यावर चरून आलेला.

आत्तापर्यंत मी ‘सापडला’ हा शब्द किती वेळा वापरला, मोजा. ‘आजारी पडला’ असं एकदाही म्हटलं नाही. ते मुद्दाम. अशा अभ्यासांत नमुने घेतलेले बहुतेक पक्षी-प्राणी वरून चांगले धडधाकट दिसतात. जंतू पोटात असणं वेगळं आणि रोग होणं वेगळं. याचं आणखी एक उदाहरण म्हणजे ब्रुसेला. आपल्याकडे गावात गाय मध्येच गाभडते, त्याला कारण असणारा एक जंतू तो. दूध काढणाऱ्यालाही त्याचा चढउताराचा ताप येतो. १९९४ साली हा समुद्रातल्या सस्तन प्राण्यांतही मिळाला, आणि २००७ साली त्याच्या सागरी वाणांना स्वतंत्र नावं मिळाली. ग्रीनलंडच्या समुद्रातल्या हूडेड सील्समध्ये तो भरपूर आहे, पण सील्सचे गर्भ त्यामुळे पडताहेत असा पुरावा मिळत नाही.

मात्र याचा अर्थ ध्रुवाकडे रोगच होत नाही असा नाही. होतो, आणि होतो तेव्हा भयंकर होतो.

कॅनडाच्या उत्तरेला हडसनच्या उपसागराच्या तोंडाशी साउथॅम्प्टन नावाचं बेट आहे. त्याच्या शेजारी मिटिव्हिक हे एक सपाट, बुटकं बेट. उन्हाळ्यात इथे हजारो आयडर बदकं घरटी करतात. आयडर म्हणजे ज्याच्या पिसांच्या रजया जगात सगळ्यांत महाग समजल्या जातात तो पक्षी. मादी स्वतःच्या छातीची पिसं उपटून घरट्यात अंथरते आणि सुमारे पंचवीस दिवस अंड्यांवर बसते. या काळात ती काही खात नाही. फक्त कधीतरी उठून जवळच्या गोड्या पाण्याच्या डबक्यावर जाते, पाणी पिते आणि परत येऊन बसते.

२००४ साली त्या भागातल्या इन्युइट शिकाऱ्यांना मेलेल्या आयडर दिसू लागल्या. बातमी पहिल्यांदा त्यांनी दिली. २००५ साली रोग मिटिव्हिकवर पोचला आणि पुढची काही वर्षं त्याने तिथे थैमान घातलं. रोगाचं नाव एव्हियन कॉलरा, जंतू ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’. नाव कॉलरा असलं तरी माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. लुई पाश्चरने १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या ज्या जंतूवर काम करून लस तयार केली तोच हा, नावातच पाश्चर आहे. हा जंतू रक्तात शिरला की पक्षी काही तासांत किंवा दोनेक दिवसांत खलास. आजारी पडायलाही वेळ मिळत नाही. मादी अंड्यांवर बसल्या जागी मरून पडते. मेलेल्या पक्ष्यांतून जंतू डबक्यात उतरतो, आणि त्याच डबक्यावर बाकीच्या माद्या पाणी प्यायला येतात.

बेटावर शास्त्रज्ञांचा तळ आधीपासून होता, माद्यांच्या पायांत कडी होती, कुणी किती अंडी घातली याची नोंद होती. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट हाती लागली. साथीच्या काळात ज्या माद्यांनी जास्त अंडी घातली होती त्या जास्त मेल्या. साथ नव्हती त्या वर्षांत असा फरक दिसत नव्हता. जास्त अंडी म्हणजे शरीर जास्त झिजलेलं, आणि झिजलेल्या शरीराला जंतूशी लढायला ताकद उरत नाही. २००९ साली हे छापून आलं. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि का कोण जाणे, मला माझी आईच आठवली. असो.

इथे जंतू आला कुठून? या बदकांचा हिवाळा न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर जातो. अमेरिकेतल्या रानबदकांत हा रोग अनेक दशकं ठाण मांडून आहे. पक्ष्यांनीच तो उत्तरेला नेला असणं शक्य आहे.  दक्षिणेतही अंटार्क्टिक द्वीपकल्पावर स्कुआंमध्ये या रोगाच्या साथी नोंदल्या गेल्या आहेत. (हल्ली बातम्यांत जो बर्ड फ्लू येतो तो वेगळा. २०२३ साली तो साउथ जॉर्जियाला पोचला आणि २०२४ साली अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. पण तो विषाणू, आपला विषय जिवाणू.)

आता माझ्या विषयावर येतो, म्हणजे सांडपाण्यावर.

अंटार्क्टिकातलं सगळ्यांत मोठं स्टेशन म्हणजे अमेरिकेचं मॅकमर्डो. उन्हाळ्यात तिथे हजाराच्या आसपास माणसं असतात, म्हणजे आपल्या दोन-तीन हॉस्टेलांइतकी. आणि २००३ सालापर्यंत या हजार माणसांचं सांडपाणी नुसतं दळून थेट समुद्रात सोडलं जात होतं! २००३ साली तिथे प्रक्रिया केंद्र सुरू झालं. त्याआधी नव्वदच्या दशकात संशोधकांनी बर्फाला भोकं पाडून पाण्याचे नमुने घेतले. सांडपाण्याचा पट्टा किनाऱ्याला धरून पसरलेला आढळला, आणि तो अधूनमधून जिथून पिण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेत होते तिथवर पोचत होता.

आपण पुस्तकात शिकतो की सांडपाणी समुद्रात पातळ होतं आणि जंतू आपोआप मरतात. मॅकमर्डोला यातलं काहीच नीट होत नाही. वर बर्फाचं झाकण, त्यामुळे लाटा नाहीत, वाऱ्याने पाणी ढवळलं जात नाही. जंतू मारण्यात सूर्याच्या अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो, पण झाकणाखाली ते पोचत नाहीत, आणि हिवाळ्यात तर सूर्यच नसतो. पाण्याचं तापमान उणे १.८ अंश. एवढ्या थंडीत आतड्यातले जंतू वाढत नाहीत हे खरं, पण मरतही नाहीत. कित्येक आठवडे तग धरतात. त्यांतले पुष्कळ अशा अवस्थेत जातात की जिवंत असूनही बशीत वाढत नाहीत. म्हणजे टेस्ट निगेटिव्ह आणि जंतू हजर. सरांचं फ्रिजचं उदाहरण मला इथे समजलं.

नियमांचंही सांगायला हवं. अंटार्क्टिक कराराचा पर्यावरणविषयक मसुदा १९९१ साली माद्रिदला झाला आणि १९९८ पासून लागू आहे. भारतही त्यात आहे. त्याप्रमाणे जिवंत कोंबड्या किंवा इतर पक्षी तिकडे नेता येत नाहीत. साफ केलेली कोंबडीसुद्धा रोग तपासूनच न्यायची आणि उरली तर परत आणायची किंवा जाळून टाकायची. का, ते स्कुआबद्दल वाचल्यावर कळलं असेल. स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा १९९४ पर्यंत हलवावी लागली, त्यांचे रोग सील्सना लागतील या भीतीने. आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन्ही स्टेशनं गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालवली जातात. ‘मैत्री’ किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे, ‘भारती’ मात्र अगदी समुद्राजवळ. आपल्यातल्या कुणाला तिकडे जायची संधी मिळाली, तर चिकनचं हाड खिडकीबाहेर भिरकावायची हॉस्टेलची सवय इथेच ठेवून जा.

उलट्या दिशेचंही एक उदाहरण देतो, नाहीतर माणूसच सगळ्यांना रोग देतो असं वाटेल. नॉर्वेच्या सील-शिकाऱ्यांना एक दुखणं व्हायचं, ‘स्पेकफिंगर’, म्हणजे चरबीचं बोट. सील सोलताना बोटाला जखम झाली की ते सुजून केळ्यासारखं व्हायचं, सांधा कायमचा आखडायचा, आणि वेदना अशा की बोट कापून टाकलेलं परवडायचं. १९०७ साली त्याची पहिली वैद्यकीय नोंद झाली. पुढे पेनिसिलिन आलं, पण ते यावर चालेना. टेट्रासायक्लिन मात्र चालायचं. कारण बऱ्याच उशिरा स्पष्ट झालं. १९९८ साली, सील चावलेल्या एका प्रशिक्षक बाईंच्या बोटातून आणि त्या सीलच्या दातांतून मायकोप्लाझ्मा वर्गातला जंतू वेगळा करण्यात आला. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधायचं काम बंद पाडतं. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते! जिथे भिंत नाही तिथे गवंडी पळवून काय उपयोग? टेट्रासायक्लिन प्रथिनं बनवायचं यंत्रच थांबवतं, म्हणून ते लागू पडतं. इथे आरोपी कोण यात शंका नाही. दात, बोट आणि जंतू तिन्ही जुळले.

असे तिन्ही जुळणं क्वचितच होतं.

सेमिनारच्या आधी एन्व्हायर्न्मेंटच्या लॅबला आमचं एम.पी.एन.चं प्रॅक्टिकल होतं. लॅक्टोजच्या द्रावणात पाणी घालायचं, आत उलटी छोटी नळी, कोलिफॉर्म जंतू असले तर गॅस होऊन नळीत बुडबुडा येतो. दरवर्षी नमुना म्हणून कॉलेजमागच्या नाल्याचं पाणी आणतात. मी हॉस्टेलच्या खालच्या टाकीचंही एक बाटलीभर आणलं. अठ्ठेचाळीस तासांनी पाहिलं तर नाल्याच्या सगळ्या नळ्यांत बुडबुडे, आणि टाकीच्याही सगळ्या नळ्यांत बुडबुडे. सर काही बोलले नाहीत, लगेच रेक्टरांकडे गेले. खणून पाहिल्यावर टाकीला लागूनच गेलेली ड्रेनेजची जुनी लाइन सांध्यात फुटलेली निघाली. आता ती लांबून वळवली आहे. पाण्याची चव बदलली असं पोरं म्हणतात ते त्यामुळे.

या टेस्टने टायफॉइड पाण्यातून आला हे सिद्ध होत नाही, हे मला आता कळतं. कोलिफॉर्म म्हणजे संडासाचं पाणी मिसळलंय एवढाच पुरावा. त्या वाढप्याची तपासणीही झाली होती. मेसच्या कॉन्ट्रॅक्टरने तो गेल्यावर आठवड्याने आलेला रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावला होता. निगेटिव्ह. एका निगेटिव्ह रिपोर्टनेही पूर्ण काही ठरत नाही, कारण टायफॉइडचा वाहक जंतू रोज बाहेर टाकतोच असं नाही. पण अर्जावर सह्या करताना आमच्याकडे तोही नव्हता.

सेमिनारला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, “मग एका वाक्यात सांगा, पेंग्विनला साल्मोनेला कुणी दिला?”

मी म्हणालो, “सर, बर्ड आयलंडचं सांगता येत नाही.”

“एवढं वाचून?”

“हो सर.”

त्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. मार्क बरे मिळाले. तो मुलगा सध्या कुठे काम करतो ते मेसमध्ये विचारलं, तर एस.टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात आहे म्हणाले. दोन वेळा तिथवर जाऊन आलो आहे. एकदा तो दिसलाही, बाहेरच्या टेबलावर फडकं मारत होता. अजून आत गेलेलो नाही.